भविष्यातली शहरं फक्त परदेशातच? पारोळ्याहून एका दिवसात बघता येतील अशा खानदेशातल्या ५ पर्यावरणपूरक जागा

भविष्यातलं शहर म्हटलं की मोबाईलवर ठरावीक चित्रं फिरायला लागतात. काचेच्या इमारती, हवेत उडणाऱ्या गाड्या आणि गच्चीगच्चीवर झाडं!

अशी शहरं खरोखर उभी करायचे प्रयत्न जगात सुरू आहेत. अबुधाबीजवळच्या मसदार सिटीचं बांधकाम २००८ मध्ये सुरू झालं. तिथे गल्ल्या मुद्दाम अरुंद ठेवल्या आहेत, म्हणजे इमारतींची सावली रस्त्यावर पडते. वरून येणारा वारा खाली चौकात आणण्यासाठी ४५ मीटर उंचीचा मनोरा आहे. दक्षिण कोरियातल्या सोंगडोमध्ये घरातला कचरा जमिनीखालच्या नळ्यांतून हवेच्या दाबाने ओढून नेला जातो. सौदी अरेबियाने तर २०२१ मध्ये वाळवंटात १७० किलोमीटर लांबीचं, सरळ रेषेतलं शहर बांधायची घोषणा केली.

या सगळ्या खटाटोपामागे प्रश्न तीनच आहेत. पाणी कुठून आणायचं? वीज कुठून आणायची? आणि वाढत्या उन्हात माणसाने राहायचं कसं?

हे तिन्ही प्रश्न खानदेशातल्या माणसाला नवे नाहीत. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा प्रदेश. उन्हाळ्यात पारा चाळिशी पार करतो, नद्या कोरड्या पडतात आणि गावोगावी टँकर दिसू लागतात. म्हणूनच इथल्या लोकांनी या प्रश्नांवर आपापली उत्तरं शोधली. त्यातली काही ३०० वर्षं जुनी आहेत, तर काही अगदी अलीकडची.

सुरुवात पारोळ्यापासून

जळगाव जिल्ह्यातलं पारोळा धुळे-जळगाव महामार्गावर आहे. पश्चिमेला साधारण ३५ किलोमीटरवर धुळे, पूर्वेला एरंडोल आणि पुढे जळगाव. त्यामुळे इथून दोन्ही बाजूंना फिरणं सोपं जातं.

गंमत म्हणजे पारोळा स्वतःच एकेकाळी ‘नवं शहर’ होतं. ५० घरांच्या खेड्याचं तटबंदी असलेलं शहर केलं ते जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी, असं जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदवलेलं आहे. इथला भुईकोट किल्ला १७२७ चा मानला जातो. भोवती पाण्याचा खंदक आणि आत जायला उचलता येणारा पूल होता. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी जहागिरी जप्त केली आणि किल्ला मोडून टाकला. आज उरलेले बुरूज आणि तटबंदी बघायला मिळते.

आता पारोळ्याहून निघूया. आधी धुळ्याकडे.

१. पांझरेकाठची फड पद्धत : ३०० वर्षं जुनं पाणीवाटप

धुळे जिल्ह्यातली पांझरा आणि तिच्या आसपासच्या नद्यांवर किमान ३०० वर्षांपासून फड पद्धत चालत आली आहे. नाशिक जिल्ह्यात मोसम नदीवरही ती होती. आज ‘स्मार्ट वॉटर मॅनेजमेंट’ म्हणून जे सांगितलं जातं, त्यातलं बरंच काही या पद्धतीत आधीपासून आहे.

रचना अशी. नदीवर दगड-चुन्याचा बंधारा घालायचा. बंधाऱ्याच्या एका टोकापासून कालवा काढायचा. जमिनीच्या उताराने पाणी आपोआप वाहत शेतांपर्यंत जातं, पंप लागत नाही आणि वीजही लागत नाही. जास्तीचं पाणी सांडव्यातून परत नदीत जातं. कालव्यातून चाऱ्या निघतात आणि चाऱ्यांतून शेतात पाणी पोहोचतं.

एका बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या सगळ्या जमिनीला ‘थळ’ म्हणतात. या थळाचे साधारण चार भाग पाडलेले असतात, तेच ‘फड’. यातली खरी हुशारी पुढे आहे. कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं हे एकटा शेतकरी ठरवत नाही, सगळे मिळून ठरवतात. एका फडात ऊस असेल तर त्या फडातल्या सगळ्यांचा ऊस. दुसऱ्या फडात कमी पाण्याचं हंगामी पीक. पुढच्या वर्षी फड बदलतो, त्यामुळे जमिनीलाही विश्रांती मिळते आणि सततच्या पाण्याने ती खारवत नाही.

मग ज्याची जमीन उसाच्या फडात नाही त्याने काय करायचं? यावरही तोड आहे. बहुतेक शेतकऱ्यांच्या जमिनीचे तुकडे वेगवेगळ्या फडांत असतात. त्यामुळे उसाचा फायदा आणि हंगामी पिकाची तूट, दोन्ही सगळ्यांच्या वाट्याला येतात. पाऊस कमी झाला तर त्या वर्षी कमी फड भिजवायचे. टंचाई एकाच्या डोक्यावर पडत नाही, ती वाटली जाते.

हे सगळं सांभाळायला माणसंही गावानेच नेमलेली असत. शेतात पाणी सोडतो तो पाटकरी, पाटकऱ्यांवर देखरेख करतो तो हवालदार आणि जनावरांपासून पिकाची राखण करतो तो जागल्या.

नदीच्या वरच्या अंगाला धरणं झाली, घरोघरी विहिरी आणि मोटारी आल्या. ज्याची मोटार त्याचं पाणी, असं झाल्यावर एकत्र बसून ठरवायची गरज कमी झाली आणि बरेच फड मोडले. तरी पांझरेकाठी जुने बंधारे आणि पाट अजूनही दिसतात.

जाता जाता आणखी एक गोष्ट. भारतरत्न मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी सुरू केली. त्यानंतर लवकरच त्यांनी साक्री तालुक्यातल्या दातर्ती इथे पांझरेच्या उपनदीखालून पाणी नेणारा सायफन बांधला. देशातल्या सर्वात नामवंत अभियंत्याच्या कारकिर्दीचे पहिले धडे खानदेशातल्या पाण्यावर गिरवलेले आहेत!

२. बारीपाडा : ज्या गावाने जंगल परत आणलं

साक्री तालुक्यातच, पिंपळनेरच्या पुढे गुजरातच्या सीमेजवळ बारीपाडा हे छोटं आदिवासी गाव आहे. १९९० च्या सुमाराला इथले डोंगर बोडके झाले होते. जंगल तुटलं तसं पाणी आटलं. बायकांना पाण्यासाठी लांबवर चालावं लागे आणि पुरुष कामासाठी गाव सोडून जात.

गावातले चैत्राम पवार एम.कॉम. झाले आणि नोकरीच्या मागे न जाता गावात परतले. वनवासी कल्याण आश्रमाची साथ मिळाली. गावाने एकत्र येऊन स्वतःचे नियम केले. जंगलात कुऱ्हाड लावली तर दंड आणि तोडणाऱ्याची माहिती देणाऱ्याला बक्षीस. जंगलात बैलगाडी न्यायला बंदी. सोबत श्रमदानातून छोटे बांध घातले गेले.

आज गावाने राखलेलं जंगल ४०० हेक्टरहून जास्त आहे. विहिरींना पाणी आलं, भाताची सुधारित शेती सुरू झाली आणि कामासाठी होणारं स्थलांतर कमी झालं. चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

इथली आणखी एक खास गोष्ट म्हणजे रानभाज्यांची स्पर्धा. २००४ पासून ती भरते. गावोगावच्या महिला जंगलातून भाज्या आणून त्यांचे पदार्थ करतात. कोणती भाजी कुठे उगवते, कोणती उकळून पाणी काढल्याशिवाय खायची नाही, कोणती कोणत्या दुखण्यावर चालते, हे ज्ञान बहुतेक वेळा कुठे लिहिलेलं नसतं. स्पर्धेच्या निमित्ताने ते आजीकडून नातीकडे जातं. जंगलाची राखण करायला यापेक्षा चांगलं कारण कोणतं?

३. साक्रीचं सौर आणि पवन ऊर्जेचं पठार

त्याच साक्री तालुक्यात शिवाजीनगर इथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. २०१३ मध्ये तो सुरू झाला तेव्हा देशातल्या मोठ्या सौर प्रकल्पांमध्ये त्याची गणना होत होती. जवळच ब्राह्मणवेल आणि छडवेलच्या पठारांवर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत.

ऊन आणि वारा दोन्ही एकाच तालुक्यात का? कारण भूगोल. सह्याद्रीच्या कडेला असलेली ही पठारं उंच आणि मोकळी आहेत, त्यामुळे पावसाळ्यात इथे जोराचा वारा मिळतो. नेमकं तेव्हाच ढगांमुळे सौर वीज कमी होते. उन्हाळ्यात सूर्य तळपतो तेव्हा सौर पॅनल भरपूर वीज देतात. एक थकलं की दुसरं कामाला येतं.

पण या विजेची दुसरी बाजूही माहीत असायला हवी. सौर प्रकल्पाला मोठी जमीन लागते आणि ती शेतकऱ्याकडूनच येते. याच जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यात, दोंडाईचाजवळच्या विखरण गावातल्या ८४ वर्षांच्या शेतकऱ्याने वीज प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यावरून जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतलं. त्यात त्यांचा मृत्यू झाला. वीज कितीही स्वच्छ असली तरी जमिनीचा हिशेब स्वच्छ नसेल तर ती कुणाला तरी महागात पडते.

४. शिरपूर : नाले खोल करून साठवलेलं पाणी

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने उत्तरेला निघालं की तापी ओलांडून शिरपूर येतं. २००४ च्या सुमाराला इथे भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी एक प्रयोग सुरू केला. तापीच्या खोऱ्यात जमिनीखाली पिवळ्या मातीचा जाड थर आहे. त्यातून पाणी सहज झिरपत नाही. पाऊस पडतो, पण खाली जातच नाही. दगडाच्या भागात अशीच अडचण कठीण खडकामुळे येते.

खानापूरकरांनी नाले रुंद आणि खोल केले, पाणी अडवणारा थर काढला आणि त्यावर ठरावीक अंतरावर दरवाजे नसलेले सिमेंटचे बंधारे बांधले. पावसाचं पाणी नाल्यात थांबू लागलं आणि तिथून जमिनीत मुरू लागलं. आसपासच्या विहिरींची पातळी वाढली. हाच ‘शिरपूर पॅटर्न’ पुढे राज्यभर गाजला.

यावर वादही झाला. एका ठिकाणी चाललेली पद्धत दुसऱ्या ठिकाणचा खडक न तपासता वापरली तर फायद्याऐवजी नुकसान होऊ शकतं, नाला प्रमाणाबाहेर खोल केला तर शेजारच्या विहिरीचं पाणी ओढलं जाऊ शकतं, असे आक्षेप जाणकारांनी घेतले. म्हणून शिरपूरला गेल्यावर फक्त पाण्याचा फोटो काढू नका, नाल्याच्या कापलेल्या काठावर मातीचे थरही बघा. सगळं गणित तिथेच आहे.

५. गांधी तीर्थ आणि जैन हिल्स, जळगाव

आता पारोळ्याहून पूर्वेकडे. जळगाव शहराबाहेर जैन हिल्सवर गांधी तीर्थ हे संग्रहालय आहे. २५ मार्च २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. जोधपुरी दगडात बांधलेली ही इमारत आणि आतलं महात्मा गांधींच्या आयुष्यावरचं दालन दोन्ही बघण्यासारखं आहे.

ज्या टेकड्यांवर ते उभं आहे त्या एकेकाळी उजाड होत्या. उद्योजक भवरलाल जैन यांनी तिथे पावसाचं पाणी अडवून झाडी उभी केली. ठिबक सिंचन महाराष्ट्राच्या शेतात पोहोचवण्यात त्यांच्या कंपनीचा मोठा वाटा आहे. जळगावच्या केळीच्या बागांमध्ये ठिबक का रुजलं हे समजायला सोपं आहे. केळीला पाणी भरपूर लागतं आणि पाटाने सोडलेलं बरंच पाणी मुळांपर्यंत न पोहोचता वाया जातं. ठिबकने ते थेंबाथेंबाने थेट मुळाशी दिलं जातं. पाणी कमी, पीक तेच किंवा जास्त.

पण इथेही फडाचा धडा विसरता येत नाही. ठिबकने वाचलेल्या पाण्यावर आणखी एकराची केळी लावली, तर भूजल पुन्हा तेवढंच उपसलं जातं. नळी पाणी वाचवते, पण वाचलेलं पाणी ठेवायचं की वापरायचं हे माणसांनाच ठरवावं लागतं.

जायचं असेल तर हे लक्षात ठेवा

साक्रीचा भाग आणि बारीपाडा एका दिवसात होतो, पण पहाटे निघायला हवं. शिरपूर आणि जळगावसाठी वेगळे दिवस ठेवा.

हिरवं जंगल आणि फिरणाऱ्या पवनचक्क्या बघायच्या असतील तर जुलै ते सप्टेंबर चांगला. जळगावसाठी हिवाळा उत्तम, कारण तेव्हाच वांग्याच्या भरिताचा मोसम असतो.

बारीपाडा हे पर्यटनस्थळ नाही, नांदतं गाव आहे. आधी कळवूनच जा. जंगलातून काही तोडून आणू नका, दंडाचा नियम पाहुण्यांनाही लागू आहे असं समजूनच वागा.

सौर प्रकल्पात परवानगीशिवाय आत जाता येत नाही. पवनचक्क्या मात्र रस्त्यावरूनही छान दिसतात.

एप्रिल-मे टाळा. तरीही गेलात तर दुपारी अकरा ते चार सावलीत थांबा.

मसदार २०१६ पर्यंत पूर्ण करायचं ठरलं होतं. ती मुदत पुढे गेली. वाळवंटातल्या त्या शहराकडे पैसा आणि तंत्रज्ञान दोन्ही भरपूर आहे. पांझरेकाठच्या शेतकऱ्यांकडे यातलं काहीच नव्हतं. त्यांच्याकडे एक बंधारा होता आणि या वर्षी कोणता फड भिजवायचा हे एकत्र बसून ठरवायची सवय होती. पुढच्या दुष्काळात खानदेशातल्या प्रत्येक गावाला हाच प्रश्न पुन्हा पडणार आहे. मोटारी आता सगळ्यांकडे आहेत. एकत्र बसायची ती सवय परत आणता येते, हे बारीपाड्याने दाखवून दिलं आहे.