नगरपरिषदेची तिजोरी आणि गरिबाचं घर : अचलपूरच्या उदाहरणातून समजून घ्या

नगरपरिषदेला पैसा कमी पडला की झळ सगळ्यांना लागते, पण सर्वात आधी गरिबाला. श्रीमंत माणूस बोअर मारतो, खासगी दवाखान्यात जातो. गरिबाला सरकारी नळाशिवाय पर्याय नसतो.

अचलपूरच का?
२०११ च्या जनगणनेनुसार अचलपूरची लोकसंख्या १,१२,३११ होती. परतवाडाही याच नगरपरिषदेत येतं. लाखावर लोकसंख्या असल्याने ही ‘अ’ वर्ग नगरपरिषद आहे. इथली फिनले मिल २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बंद पडली. पगार थांबला की कुटुंबाला सार्वजनिक सोयींचा आधार जास्त लागतो.

गरिबी हटवणं नगरपरिषदेचं काम आहे का?
हो. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्या बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांत पाणी, स्वच्छता, झोपडपट्टी सुधारणा आणि शहरी दारिद्र्य निर्मूलन आहे. मात्र कोणते कर लावायचे, हे राज्य सरकारचा कायदा ठरवतो.

पैसा येतो कुठून?
घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं आणि बाजार फी हे स्वतःचं उत्पन्न. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये रद्द झाली, त्याऐवजी राज्याकडून सहायक अनुदान मिळू लागलं. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी दिलेल्या निधीत अशा शहरांचा ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखीव ठेवला. शिवाय घरपट्टीची वसुली वाढवण्याची अटही घातली.

वसुली घटली तर काय होतं?
स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवावी लागते. समजा, उत्पन्न १० कोटी आहे, तर ५० लाख मिळतील. तेच ७ कोटींवर आलं, तर ३५ लाखच. म्हणजे थकबाकी दुसऱ्याची आणि फटका दिव्यांगाला.

पंतप्रधान आवास योजनेची प्रकरणं तपासणं, फेरीवाल्याला स्वनिधी कर्जासाठी शिफारसपत्र देणं, ही कामंही नगरपरिषदेचीच. योजनेचा पैसा वरून येतो, पण कर्मचारी नसतील तर फाईल हलत नाही.

मग घरपट्टी वाढवायची का?
सरसकट वाढ केली तर टिनाच्या घरात राहणाऱ्यावरच बोजा पडतो. त्याआधी करण्यासारखं बरंच असतं : नोंद नसलेली बांधकामं कराखाली आणणं, मोठ्या थकबाकीदारांकडून वसुली, जुन्या गाळ्यांचं भाडं सुधारणं आणि चतुर्वार्षिक कर आकारणी वेळेवर करणं.

नागरिक काय करू शकतात?
नगरपरिषदेचा अर्थसंकल्प दरवर्षी तयार होतो. दिव्यांग निधी किती ठेवला, किती खर्च झाला आणि थकबाकी किती आहे, हे माहिती अधिकारात विचारता येतं. तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च हे दोन आकडे शेजारी ठेवले, की गरिबांच्या वाट्याला नेमकं किती आलं ते कळतं.