पार्ल्याचा इतिहास

उपनगराला इतिहास कसला, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. किल्ला नाही, राजवाडा नाही, लढाई नाही. सकाळी गाडी पकडायची आणि रात्री झोपायला परत यायचे! विलेपार्ल्याकडे पाहताना मात्र आम्हांस हा आक्षेप टिकणारा वाटत नाही.

मूळचे रहिवासी येथे होतेच. परंतु रेल्वेच्या सोयीने जी मध्यमवर्गीय वस्ती वाढली, ती ठिकठिकाणच्या माणसांची. वाडवडिलांचे गाव मागे राहिलेले आणि नव्या जागी ओळखही नसलेली. अशा माणसांनी आपले गाव घडवायचे कशाने? पार्लेकरांनी ते संस्थांनी घडवले. १९२० च्या ऑगस्टमध्ये लोकमान्य टिळक गेले. पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, त्यांच्या नावाने पार्ले टिळक विद्यालय निघाले आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. पुतळा उभारून शोक आवरता आला असता. येथे शाळा निघाली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

या वळणाची कसोटी १९३० साली लागली. मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा जुहूचा समुद्र जवळ असलेल्या पार्ल्यात जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने सत्याग्रहींची छावणी पडली. किशोरलाल मश्रूवाला त्यांच्या जोडीला होते. दोघांनाही तुरुंगवास घडला. मराठी आणि गुजराती शेजार त्या दिवसांत एका कामाला लागला.

माणसे घडण्याचे उदाहरण हवे असल्यास पु. ल. देशपांडे यांचे घ्यावे. ते पार्ले टिळक विद्यालयाचे विद्यार्थी. साऱ्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या या लेखकाचे कान आणि डोळे ज्या वस्तीत तयार झाले, ती हीच. सभा, गाणे, नाटक आणि व्याख्यान दारापाशी असले म्हणजे मुलाला वेगळी शिकवणी लावावी लागत नाही.

पार्ल्याचे नाव देशभर नेले ते मात्र एका कारखान्याने. चौहान कुटुंबाने १९२९ मध्ये येथे गोळ्या-चॉकलेटांचा कारखाना काढला. दहा वर्षांनी बिस्किटेही निघू लागली. ज्यांनी पार्ले कधी पाहिले नाही, त्यांच्याही चहाच्या बशीत ते पोहोचले. तो कारखाना २०१६ साली बंद झाला. बिस्किटांचा तो गोड वास आता या रस्त्यांवर येत नाही. १९५० मध्ये उपनगर बृहन्मुंबईत सामील झाले. पुढे बंगल्यांच्या जागी इमारती आल्या, झाडे गेली.

मग उरले काय? शाळा उरली, संघ उरला, १९५९ मध्ये निघालेले महाविद्यालय उरले. विटा बदलल्या तरी गाव टिकले, ते यामुळे. परंतु संस्था वारसाहक्काने मिळत नाहीत. प्रत्येक पिढीला त्या पुन्हा वर्गणी देऊन, वेळ देऊन विकत घ्याव्या लागतात. आमच्या वाट्याची वर्गणी आम्ही भरली आहे काय, एवढाच प्रश्न हा इतिहास आम्हां साऱ्यांस विचारतो.