दुधाविना कढी

मांस, मासे, अंडी यांबरोबरच दूध, दही, तूप आणि मधही वर्ज्य मानणारा आहार म्हणजे 'व्हीगन' आहार. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये घडवला गेला. मराठी स्वयंपाकघराला मात्र तो फारसा परका नाही. पिठले-भाकरी, मटकीची उसळ, थालीपीठ, सोलकढी हे पदार्थ मुळातच दुधाविना होतात. अडते ते ताकाच्या कढीपाशी.

कढीचा आंबटपणा ताकाचा. बेसनात नुसते लिंबू पिळले तर पातळ पिठलेच होते, कढी नव्हे. यावर उत्तम उपाय शेंगदाण्याच्या दह्याचा. वाटीभर दाणे रात्रभर भिजवून सोलावेत, तीन वाट्या पाण्यात बारीक वाटून गाळावेत. हे दूध सतत ढवळत उकळावे आणि कोमट झाल्यावर देठांसह चार-पाच हिरव्या मिरच्या टाकून उबेला ठेवावे. देठांवरील जीवाणू विरजणाचे काम करतात. पहिले दही बहुधा पातळच लागते. त्यातलेच चमचाभर पुढच्या खेपेला विरजण म्हणून वापरावे. दह्याला दुर्गंध किंवा रंग आल्यास ते टाकून द्यावे. पुढची कृती नेहमीचीच, फोडणी तेवढी तुपाऐवजी तेलाची. दाण्याचा वास थोडा राहतोच. आले सढळ हाताने घातल्यास तो दबतो.

दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना ही कढी चालते. परंतु शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी जिवावर बेतू शकते, तेव्हा वाढण्यापूर्वी पाहुण्यांना जरूर विचारावे. विकतच्या पदार्थांबाबतही सावध असावे. 'नॉन-डेअरी' लिहिलेल्या पाकिटातही केसिन हे दुधातील प्रथिन असू शकते.