लेखणीपासून कळफलकापर्यंत : हाताच्या एका व्यवसायजन्य व्याधीचा इतिहास

संगणकाच्या कळफलकावर दिवसचे दिवस काम करणाऱ्यांच्या बोटांत, मनगटात, कोपरात व मानेत ज्या वेदना उद्भवतात, त्या केवळ आपल्या यंत्रयुगाने निर्माण केल्या अशी एक समजूत रूढ आहे. इतिहासाच्या कसोटीवर ही समजूत टिकत नाही. एकच सूक्ष्म हालचाल अखंड करीत राहिल्याने हात निकामी होतो, ही गोष्ट वैद्यकाला किमान तीन शतके ठाऊक आहे. मात्र या तीन शतकांत एक वाद सतत चालू राहिला. दोष कामाचा, हत्याराचा, की काम करणाऱ्याच्या मनोवृत्तीचा? या प्रश्नाच्या उत्तरावरच उपचाराची दिशा आणि नुकसानभरपाईचा हक्क अवलंबून राहिला आहे. प्रस्तुत निबंधात या वादाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

व्यवसायजन्य रोगांच्या शास्त्राचा जनक म्हणून इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी याचे नाव घेतले जाते. त्याचा कारागिरांच्या रोगांवरील लॅटिन ग्रंथ इ. स. १७०० मध्ये मोदेना येथे प्रसिद्ध झाला. १७१३ च्या वाढविलेल्या आवृत्तीत त्याने लेखनिकांविषयी एक प्रकरण जोडले. लेखनिकांच्या व्याधींची तीन कारणे तो देतो : सततचे बसणे, एकाच दिशेने हाताची अविरत हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. आयुष्यभर लेखन केलेल्या एका नोटरीचा उजवा हात प्रथम थकला व पुढे लुळा पडला. त्याने डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला, तर काही काळाने तोही हात त्याच व्याधीने ग्रासला, असे उदाहरण त्याने नोंदविले आहे. शरीर, आसन व मन या तिन्हींना रामाझ्झिनीने एकत्र स्थान दिले, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. पुढील काळात ही समग्र दृष्टी खंडित झाली.

एकोणिसाव्या शतकात सरकारी व व्यापारी कचेऱ्या वाढल्या, तसे कारकुनांचे हात दुखू लागल्याचे प्रमाणही वाढले. १८३० नंतर इंग्लंडमध्ये पिसाच्या लेखणीची जागा पोलादी निबने घेतली, आणि अनेकांनी दोष या नव्या निबला दिला. सर चार्ल्स बेल यांनी याच दशकात लेखनिकांच्या या विकाराचे वर्णन केले. १८६४ मध्ये सॅम्युएल सॉली यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यावर व्याख्याने प्रसिद्ध केली. पुढे मज्जाविकारतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी आपल्या ग्रंथात याची गणना 'व्यवसायजन्य मज्जाविकृतीं'मध्ये केली. पुष्कळसे रुग्ण हळव्या व चिंताग्रस्त प्रकृतीचे असतात, असे त्यांचे मत होते. तथापि, मनगट टेकवून केवळ बोटांनी लिहिण्याऐवजी खांद्यापासून मोकळा हात फिरवून लिहिले तर हा विकार जवळजवळ नाहीसा होईल, असेही त्यांनीच सांगितले. एकाच विद्वानाच्या लेखनात स्वभावाचा दोष व पद्धतीचा दोष असे दोन्ही विचार शेजारी शेजारी नांदतात.

तारायंत्राने हा प्रश्न अधिक तीव्र केला. मोर्सच्या कळीवर दिवसभर मनगट खालीवर करणाऱ्या तारमास्तरांच्या पेटक्याचे वर्णन फ्रान्समध्ये १८७५ मध्ये झाले. ब्रिटनमध्ये १९०८ साली या विकाराचा समावेश कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यातील रोगांच्या यादीत करण्यात आला. वैद्यकीय प्रश्न आता आर्थिक व कायदेशीर बनला. तक्रारी वाढल्याने नेमलेल्या सरकारी समितीने १९११ मध्ये असा निष्कर्ष मांडला की, तारमास्तराची मुळातील मज्जादुर्बलता आणि संदेश पाठविताना होणारा पुनःपुन्हा थकवा या दोहोंच्या संयोगातून विकार उद्भवतो. पहिल्या कारणावर भर दिला की जबाबदारी कामगाराच्या अंगी चिकटते. दुसऱ्यावर दिला की ती खात्याकडे जाते. कोणत्या शब्दावर जोर द्यावयाचा, हा केवळ शास्त्राचा प्रश्न उरला नाही.

याच सुमारास अमेरिकेत एक वेगळा मार्ग शोधला गेला. होरेस मार्टिन यांनी १९०४ मध्ये पेटंट घेतलेल्या 'व्हायब्रोप्लेक्स' कळीत खालीवर दाबण्याऐवजी आडवी हालचाल असे, आणि लघुचिन्हे कळीच्या कंपनाने आपोआप उमटत. तारमास्तराचा स्वभाव न बदलता हत्यार बदलून श्रम कमी करण्याचा हा प्रयत्न प्रतिबंधाच्या इतिहासात महत्त्वाचा आहे.

संगणकयुगातील सर्वांत गाजलेले प्रकरण ऑस्ट्रेलियातील होय. १९८० नंतरच्या काही वर्षांत तेथे कळफलकावर काम करणाऱ्यांच्या तक्रारींची लाट उसळली. तेथील दूरसंचार संस्थेच्या पाच वर्षांच्या नोंदींत टेलिफोन ऑपरेटरांत दर हजारी ३४३ तक्रारी आढळल्या. त्यांच्याहून कितीतरी जलद टंकन करणाऱ्या तारमास्तरांत हे प्रमाण केवळ ३४ होते. कळा किती वेळा दाबल्या एवढ्यावरून व्याधीचा उलगडा होत नाही, हे यावरून स्पष्ट होते. टीकाकारांनी यातून ही सामूहिक मनोव्याधी असल्याचे अनुमान काढले. परंतु हे अनुमान आवश्यक ठरत नाही. कामाची घडण, विश्रांतीचे स्वातंत्र्य, आसन व देखरेखीचा ताण हेही घटक असू शकतात. आणि मानसिक घटक आहे म्हणून वेदना खोटी ठरत नाही.

कायद्याने पुढे या दिशेने काही पावले टाकली. युरोपीय समुदायाच्या १९९० च्या निर्देशानुसार पडद्यासमोरील काम ठराविक अंतराने थांबविणे किंवा बदलणे हे मालकाचे कर्तव्य ठरले. अमेरिकेत मात्र २००० च्या अखेरीस जाहीर झालेला तत्सम नियम २००१ च्या मार्चमध्ये तेथील काँग्रेसने रद्द केला. वाद संपला नव्हता, हेच यातून दिसते.

वैद्यकानेही दरम्यान भेद करावयास शिकले. लिहिताना हात अनैच्छिकपणे आखडतो तो विकार १९८२ पासून मेंदूच्या हालचाल-नियंत्रणातील बिघाड म्हणून ओळखला जाऊ लागला. मनगटातील मज्जातंतू दाबला गेल्याने येणारी बधिरता वेगळी; तीवर रात्री मनगटपट्टी बांधणे, इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया हे उपचार आहेत. स्नायुबंधांची सूज आणखी वेगळी. एका नावाखाली अनेक व्याधी गोळा केल्यामुळे पूर्वीचे वाद कित्येकदा निष्फळ ठरले. सर्वसाधारण वेदनेत मात्र दीर्घ विश्रांतीपेक्षा कामाचे विभाजन, वारंवार थोडी उसंत, सरळ मनगट, योग्य उंचीचे मेज आणि बेताचा व्यायाम यांवर आज भर दिला जातो.

रामाझ्झिनीने सांगितलेली तीन कारणे या सूचीत जवळजवळ जशीच्या तशी सापडतात. तीन शतकांच्या वादाने नवे कारण फारसे दिले नाही. त्यातील एकेक कारण सोयीनुसार उचलून इतरांकडे दुर्लक्ष करण्याची प्रवृत्ती मात्र उघड केली. प्रबंधाची टाचणे कळफलकावर उतरविणाऱ्या अभ्यासकाने हा इतिहास केवळ दुसऱ्यांचा म्हणून वाचू नये. हात दुखू लागला की प्रथम आपला स्वभाव नव्हे, तर आपले आसन आणि कामाचे तास तपासावेत.