स्निग्धतेचा त्याग : मोटारीच्या रंगावरील तेलाचा इतिहास

'स्निग्ध' या शब्दाचे कोशात अनेक अर्थ सापडतात : तेलकट, तुकतुकीत, प्रेमळ. 'स्नेह' म्हणजे तेल आणि स्नेह म्हणजे जिव्हाळाही. फारसीतून मराठीत आलेल्या 'रोगण' या शब्दाचीही अशीच गंमत आहे. मुळात त्याचा अर्थ तेल. आपल्याकडे मात्र तो चकाकी आणणाऱ्या लेपासाठी रूढ झाला. तेल आणि चकाकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे भाषेने कधी मानलेच नाही. ही जोडी ज्या धंद्यात पुरती फुटली, तो मोटारी चकचकीत करण्याचा धंदा होय. आज जाणता कारागीर रंगाला पॉलिश केल्यावर लगेच त्यावर संरक्षक लेप चढवीत नाही. पॉलिशने मागे ठेवलेले तेल तो आधी पुसून काढतो. या पुसण्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तो साहित्याच्या अभ्यासकांनीही पाहावा असे आम्हांस वाटते.

पहिल्या मोटारी घोडागाडीच्या कारखान्यांतील पद्धतीनेच रंगविल्या जात. त्या रंगात आणि व्हार्निशात जवसाचे तेल असे. हे तेल उडून जात नाही. हवेतील ऑक्सिजन शोषून हळूहळू कठीण होते. थरावर थर देत, प्रत्येक थर वाळण्याची वाट पाहत एक गाडी पुरी व्हायला कित्येक आठवडे लागत. या काळात तेल हाच रंग होता. ते काढून टाकण्याचा प्रश्न कुणाच्या मनातही येणे शक्य नव्हते.

१९२३ मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीचे 'ड्यूको' हे नायट्रोसेल्युलोजचे लॅकर आले आणि जनरल मोटर्सच्या १९२४ सालच्या ओकलंड मोटारींवर ते दिसू लागले. द्रावक उडून जाताच हा रंग वाळे. आठवड्यांचे काम तासांवर आले. पण त्याची एक उणीव होती. वाळल्यावर तो मंद दिसे. घासल्याखेरीज त्याला झळाळी येत नसे. म्हणून बारीक भुकटीची घासण्याची लुकण, म्हणजे आपल्या गॅरेजांतील 'रबिंग कंपाउंड', या कामात शिरली. भुकटी कोरडी पडू नये, सारखी फिरत राहावी, रंग फार तापू नये, यासाठी त्यात तेल घातले जाई. तेल आता रंगाचा देह उरले नव्हते. ते घासणाऱ्याचे मदतनीस झाले. मात्र काम संपल्यावर हा मदतनीस घरी जात नसे.

त्याचे राहणे कुणाला खटकतही नव्हते, कारण वरून लावायचे ते मेण. शिकागोत १९१० च्या सुमारास सुरू झालेल्या सिमोनाइझचे नाव इतके रुळले, की इंग्रजी शब्दकोशांत ते क्रियापद होऊन बसले. मेणांत मानाचे मेण कार्नोबाचे. ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर ते धरते. पाने कापून, वाळवून, झोडपून ते काढतात. जॉन्सन वॅक्स कंपनीचे प्रमुख हर्बर्ट जॉन्सन या झाडाच्या शोधात १९३५ साली विस्कॉन्सिनहून थेट ब्राझीलला विमानाने गेले. विमानाचे नावही त्यांनी 'कार्नोबा'च ठेवले होते. हे मेण रंगावर नुसते बसते, त्याच्याशी बांधले जात नाही. खाली थोडे तेल असले तरी मेण आणि तेल एकाच स्वभावाचे. त्यांचे सहज जमून जाई.

पण हे तेल आणखी एक गोष्ट करीत होते. नदीतला गोटा ओला असतो तोवर त्याचा रंग गडद आणि सुंदर दिसतो. वाळला, की तोच गोटा फिका आणि खरबरीत दिसतो. रंगावरील बारीक चऱ्यांचेही तसेच आहे. चर दिसते, कारण तिच्या कडांवर प्रकाश विखुरतो. चरीत हवेऐवजी तेल भरले, की प्रकाशाला तेल आणि रंग यांत फारसा भेद जाणवत नाही आणि चर दिसेनाशी होते. ती बुजलेली मात्र नसते. चार वेळा गाडी धुतली, की पुन्हा हजर. पॉलिशचे यश आणि तेलाची रंगसफेदी यांतील सीमारेषा अशी पुसट होती, आणि ती पुसट राहण्यात विकणाऱ्याची सोयही होती.

तेल पुसण्याची सक्ती प्रथम झाली ती चमकविणाऱ्यांवर नव्हे, तर पुन्हा रंग देणाऱ्यांवर. १९५० च्या दशकात मोटारीच्या पॉलिशमध्ये सिलिकोनची तेले येऊ लागली. पुसायला सोपी, चकाकी भरपूर. पण अपघातानंतर अशी गाडी रंगायला आली, की नवा ओला रंग त्या जागेवरून मागे सरे आणि पृष्ठभागावर माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडत. तेव्हा रंगाऱ्यांनी आधी मेण व तेल काढणारे द्रव वापरण्याचा नियमच केला.

इतका पातळ थर इतका उपद्रव करतो, याचे नवल वाटायला नको. चमचाभर तेलाने तळ्याचे पाणी किती दूरवर शांत होते, हे बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सांगितले होते. जर्मनीत ब्राउनश्वाइग येथे आग्नेस पॉकेल्स या विद्यापीठाबाहेर राहिलेल्या स्त्रीने स्वयंपाकघरात भांडी धुताना हाच विषय हेरला. पाण्यावरील तेलाच्या थराची तिने केलेली मोजमापे १८९१ मध्ये 'नेचर'मध्ये छापली गेली. डोळ्यांना न दिसणारे तेलही पृष्ठभागाचा स्वभाव बदलते, हे त्यातून कळले.

मोटारीच्या संरक्षणात हे ज्ञान अटळ झाले ते एकविसाव्या शतकात. 'सिरॅमिक कोटिंग' या नावाने आज भारतातही विकले जाणारे सिलिकायुक्त लेप रंगाच्या पृष्ठभागाला घट्ट धरूनच टिकतात. मध्ये तेल असेल, तर लेप धरतो तो तेलाला. आणि तेल सुटले, की लेपही सुटतो. म्हणून पॉलिशनंतर पाणी मिसळलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा खास तयार केलेला द्रव फवारून, स्वच्छ कापडाने, कापडाची घडी बदलत, पृष्ठभाग पुसतात. ताज्या रंगावर तीव्र द्रव चालत नाही, कारण रंग मऊ पडण्याचा धोका असतो. यात एक मौज आहे. हे अल्कोहोल १९२० पासून खनिज तेलाच्या वायूंतून बनविले जाऊ लागले. तेलाची लेकच तेल काढते!

मराठी माणसाला हे तत्त्व खरे तर नवे नाही. कल्हईवाला भांडे घासतो, तापवितो, नवसागर टाकतो, आणि मगच कथील फिरवितो. नवसागराने धातूवरची पुटे गेल्याखेरीज कथील धरत नाही, हे त्याला कोणत्याही पुस्तकाने शिकविले नव्हते. धातूवरचा लेप बांधला जावा लागतो, हे आपल्या बाजारांतून पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. मोटारीचा रंग तेथे फार उशिरा पोहोचला.

या साऱ्यात खरी परीक्षा कारागिराची आहे. तासन्‌तास राबून त्याने गाडी आरशासारखी केलेली असते. मालक समाधानाने पाहत असतो. त्या क्षणी तो ओले कापड फिरवितो, तिरपा दिवा धरतो, आणि बुजल्यासारख्या वाटणाऱ्या चऱ्या पुन्हा वर येतात. आता पुन्हा घासायला बसायचे, की लेप चढवून त्या चऱ्या काही वर्षांसाठी आत कोंडून ठेवायच्या? नाही पुसले, तरी त्या दिवशी कुणालाच काही कळणार नसते. लेप खालचे दोष दुरुस्त करीत नाही. जे आहे ते जपतो, दोषांसकट.

हस्तलिखितावर अखेरचा हात फिरविणाऱ्या संपादकाला ही घालमेल ओळखीची वाटेल. कोशात मात्र 'स्निग्ध' शब्दाचे सारे अर्थ अजून शेजारी शेजारीच नांदत आहेत, आणि तसेच नांदोत. एका धंद्याने त्यांतील दोहोंची फारकत केली, एवढी नोंद त्या शब्दाच्या चरित्रात असावी, इतकेच आमचे म्हणणे आहे.