दोन पवनचक्क्या

गेल्या शनिवारी साताऱ्याजवळ चाळकेवाडीला जाऊन आलो. पठारावर पवनचक्क्यांच्या रांगाच रांगा. सगळ्यांना तीन पाती, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. बरोबरचा मित्र म्हणाला, "तीनच का रे? दोन लावली तर एकाचा खर्च वाचेल की!" मला उत्तर देता आलं नाही. मग रविवार वाचण्यातच गेला.

हा हिशोब जर्मनांनीही केला होता. तेलाचे भाव भडकल्यावर सरकारी पैशातून त्यांनी 'ग्रोव्हियान' बांधली. १९८३ साली सुरू. टॉवर सुमारे १०० मीटर, चक्राचा व्यासही तेवढाच, ताकद ३ मेगावॅट, पाती दोन. उलरिश ह्यूटर ह्यांनी १९५७ च्या सुमाराला केलेलं १०० किलोवॅटचं यंत्र हा तिचा पाया. म्हणजे एका उडीत तीसपट!

इथेच गोची आहे. व्यास चौपट केला की पात्यांच्या तावडीत येणारा वारा सोळापट होतो, पण तसंच्या तसं मोठं केलं तर वजन चौसष्टपट. त्यात ग्रोव्हियानची पाती टॉवरच्या मागे फिरायची. प्रत्येक फेरीला टॉवरच्या आडोशात शिरताना दणका. पाती जिथे जोडलेली त्या सांगाड्यालाच तडे गेले. १९८७ पर्यंत ती जेमतेम ४२० तास चालली, म्हणजे साडेसतरा दिवस. १९८८ मध्ये पाडली.

आता दुसरी गोष्ट. डेन्मार्कचा योहानस यूल. १९०४ मध्ये त्याने पॉल ला कूरच्या शाळेत पवनविजेचे धडे घेतले, आणि पुढे वीज कंपनीत इंजिनिअर झाला. साठीला टेकल्यावर त्याने प्रयोग सुरू केले. आधी दोन पात्यांचं लहानसं यंत्र. मग बोगो बेटावरची जुनी डीसी पवनचक्की एसी करून तीन पात्यांची केली. त्यातून शिकून १९५७ साली गेड्सरला २०० किलोवॅटची. २४ मीटर व्यास, तीन पाती, तोंड वाऱ्याकडे. वेग फार वाढला की पात्यांची टोकं आपोआप वळून ब्रेक लागायचा. ती दहाएक वर्षं जवळपास विनातक्रार चालली. मोजमापं हवीत म्हणून सत्तरच्या दशकात नासाच्या विनंतीवरून ती परत सुरू झाली! चाळकेवाडीची यंत्रं ह्याच घराण्यातली.

आणि ग्रोव्हियानच्याच जागेवर १९८७ मध्ये काय उभं राहिलं? छोट्या पवनचक्क्यांचं पार्क.

हे वाचताना मला हसू आलं नाही. आमच्या टीमने चालू सिस्टीम मोडून सगळी नव्याने लिहायला घेतली होती. त्या बाजूने सगळ्यात जास्त भांडलो होतो मीच. चौदा महिन्यांनी सगळं गुंडाळलं.

असो. उद्या सोमवार, पुन्हा एक डिझाइन रिव्ह्यू आहे. ह्यावेळी मी एकच विचारणार आहे, "ह्यातलं बोगो बेट कुठाय?"