वऱ्हाडचा कापूसबाजार: परवाना कोणी घ्यायचा, कोणी द्यायचा?

१/ आज धंदा सुरू करायचा म्हटले की परवाना आलाच. खाणावळीला अन्न परवाना लागतो, औषधांच्या दुकानाला औषध परवाना लागतो, आणि बाजार समितीच्या आवारात शेतमाल खरेदी करायचा तर समितीचा परवाना लागतो. यांतील शेवटच्या परवान्याच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान वऱ्हाडात लिहिले गेले. मलकापूरच्या निमित्ताने ते उलगडू या.

२/ मलकापूर हे नळगंगेकाठचे जुने गाव. ‘आईन-इ-अकबरी’मध्ये नरनाळा सरकारातील परगण्याचे ठिकाण म्हणून त्याचा उल्लेख येतो. गॅझेटियरच्या नोंदीप्रमाणे १७६१ च्या सुमारास रघुनाथराव पेशव्यांच्या फौजेने लूट करू नये, यासाठी गावाने ६०,००० रुपये मोजले. एवढी रक्कम उभी करण्याइतका पैसा येथे होता.

३/ त्या काळी धंद्याची परवानगी म्हणजे काय? नवी पेठ वसवायची झाल्यास राज्यकर्ते कौल देत. ‘येथे येऊन राहा, दुकाने मांडा, अमुक वर्षे कर माफ’ असा त्याचा आशय असे. मुदत संपली की दुकानदार व कारागीर यांच्यावर मोहतर्फा बसे. पेठेची व्यवस्था शेटे-महाजन पाहत. कौलाचा हेतू व्यापाऱ्याला बोलावण्याचा होता. त्याची पारख करणे हा त्याचा विषय नव्हता.

४/ १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला, परंतु कायद्याने तो निजामाचाच मुलूख राहिला. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत. हैदराबादच्या रेसिडेंटच्या अखत्यारीत वऱ्हाडासाठी वेगळे कायदे होत. पुढची कथा समजण्यासाठी ही बाब ध्यानात ठेवावी.

५/ १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तेथील कापूस आटला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ मध्ये भुसावळहून निघालेली रेल्वे नागपुरास पोचली. मलकापूर याच मार्गावर आहे. गिरणीमालकांची तक्रार मात्र कायम होती: कापसात पाणी, माती, सरकी मिसळलेली असते. ही भेसळ रोखण्यासाठी मुंबई इलाख्यात १८६३ मध्येच कायदा झाला होता.

६/ शेतकऱ्याची तक्रार निराळी होती. गाडी बाजारात आली की अडत्या, दलाल, मापारी, हमाल असे सारे भोवती जमत. भाव ठरे तो कापडाखाली बोटे धरून, ज्याला ‘हत्ता’ म्हणत. मालकाला स्वतःच्याच मालाचा सौदा दिसत नसे. मग वजनात कडता, वर धर्मादाय, वर आणखी काही. हाती उरे ते शेतकऱ्याचे.

७/ १८८६ मध्ये रेसिडेंटच्या आदेशाने कारंजा येथील कापूसबाजार नियमांखाली आला. देशातील पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याची गणना होते. गिरण्यांना स्वच्छ कापूस रास्त भावात मिळावा, ही त्यामागची मुख्य प्रेरणा. त्यानंतर आला १८९७ चा ‘बेरार कॉटन अँड ग्रेन मार्केट्स लॉ’.

८/ या कायद्याने काय केले?
• कोणता बाजार अधिकृत, हे जाहीर करण्याचा अधिकार रेसिडेंटला दिला.
• देखरेखीसाठी समिती नेमण्याची तरतूद केली.
• बाजारात काम करणाऱ्या मध्यस्थांना परवाना व त्याचे शुल्क लागू केले.
• अनधिकृत कपातींना बंदी घातली.
• अधिकृत बाजारापासून ५ मैलांच्या आत दुसरीकडे बाजार भरवणे दंडनीय ठरवले.

९/ येथे एक तत्त्व प्रथमच स्पष्टपणे उमटले. माल विकणाऱ्या शेतकऱ्याला परवाना नको. त्याचा माल मोजणाऱ्याला, सौदा जुळवणाऱ्याला हवा. ज्याच्या हाती तराजू आहे, त्याने आधी शासनाला उत्तरदायी व्हावे. मलकापूरसारख्या बाजारगावात गाडी घेऊन येणाऱ्या कुणब्यासाठी ही लहान गोष्ट नव्हती.

१०/ पण दुसऱ्या प्रश्नाचे काय? परवाना देणार कोण? समितीवर वर्चस्व व्यापाऱ्यांचे होते. शेतकऱ्याला तेथे हक्काची जागा नव्हती. ज्यांच्यावर देखरेख करायची, तेच देखरेख करणार, असा हा पेच.

११/ मुंबई इलाख्याच्या १९२७ च्या कायद्याने समितीत शेतकऱ्यांना स्थान दिले. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने देशभर वऱ्हाडी पद्धतीचे बाजार सुचवले, पण मुंबईने केलेल्या सुधारणांसह. १९३२ मध्ये मध्य प्रांतातही नवा कापूस बाजार कायदा झाला. आजच्या समित्या महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्यानुसार चालतात.

१२/ पुढे चक्र उलटेही फिरले. १९७२ पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. खासगी व्यापाऱ्याला कापूस विकता येईना. मलकापूरहून मध्य प्रदेशची सीमा फार दूर नाही. तरी तेथे भाव अधिक असला म्हणून कापूस नेणे गुन्हा ठरे. १८९७ मध्ये परवानगी मध्यस्थाला लागत होती. आता बंधन खुद्द पिकवणाऱ्यावर आले. शेतकरी संघटनेचा या योजनेवरील रोष येथूनच समजतो.

१३/ २०२० च्या केंद्रीय कायद्याने पॅन कार्ड असलेल्या व्यापाऱ्याला बाजार आवाराबाहेर समितीच्या परवान्याविना खरेदीची मुभा दिली. १८९७ च्या ५ मैलांच्या नियमाचे हे दुसरे टोक. २०२१ मध्ये तो कायदा मागे घेतला गेला.

१४/ ‘परवाना हवा की नको’ एवढ्यावरच आपला वाद अडतो. वऱ्हाडचा अनुभव आणखी दोन प्रश्न विचारायला सांगतो: तो कोणाला घ्यावा लागतो, आणि देणाऱ्याच्या खुर्चीत कोण बसले आहे? पुढच्या वेळी बाजार समितीची निवडणूक जाहीर झाली, तर मतदारयादीत शेतकरी किती आणि व्यापारी किती, हे जरूर पाहा.